तोकुजीचा पोटपट्टा

"बिल्ला कुठंय?" सादाएनं विचारलं.

तोकुजी नुकताच न्हाणीतून बाहेर आला होता. त्यानं आधी कमरेकडं पाहिलं, मग छताकडं पाहिलं. बिल्ला दोन्हीकडं नव्हता.

"असेल इथंच."

"इथंच म्हणजे कुठं? काल फ्रीजवर होता. परवा तुम्ही तो खिशासकट धुवायला टाकलात. त्याआधी आठवडाभर बाहेर दोरीवर वाळत होता. अहो, तो तुमच्या अंगावरची किरणं मोजायला दिलाय. दोरीची नाही."

बिल्ला आगपेटीएवढा होता. किनाऱ्यावरचं अणुवीजकेंद्र फुटलं आणि अख्खं गाव उठून डोंगराच्या अलीकडं, जुन्या बेसबॉलच्या मैदानावर उभारलेल्या पत्र्याच्या घरांत येऊन राहिलं, तेव्हापासून नगरपालिकेनं तो प्रत्येकाला दिला होता. तो कायम अंगावर ठेवायचा. तीन महिन्यांनी पालिका तो घेऊन जाई आणि तुम्ही किती किरणं खाल्लीत ते सांगे. बहुतेकांचा आकडा इतका लहान येई की लोकांना ते थोडं अपमानास्पदच वाटे. एवढं घरदार सोडून आलो ते या आकड्यासाठी?

पण तोकुजीच्या बिल्ल्यावर एक नात टांगलेली होती.

मुलगा शूहेइ, सून कानाए आणि सहा वर्षांची कोनोमी ओकायामाला राहत. देशाच्या पार पश्चिमेला. कानाए स्वभावानं गरीब, वागायला नम्र, पण तिच्या हातात मोबाइल होता. रात्रंदिवस ती त्यात फुकुशिमाबद्दल वाचत बसे. दोन वर्षांत तिनं कोनोमीला इकडं पाऊल टाकू दिलं नव्हतं. शेवटी या वसंतात तोकुजीनं फोनवर फार गयावया केली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुमचं आणि आईंचं तीन महिन्यांचं माप चांगलं आलं, तर आम्ही ओबोनला येऊ."

ओबोन म्हणजे पितर घरी यायचे दिवस. पितरांना मैदानावरचा नवा पत्ता सापडेल की नाही याबद्दल सादाएला शंका होतीच. निदान नात तरी यावी, एवढीच दोघांची इच्छा.

म्हणून सादाएनं सुईदोरा काढला. तोकुजी जन्माचा पोटाचा हळवा. बारा महिने तो पोटाला लोकरीचा पट्टा घाली, उन्हाळ्यातसुद्धा. सादाएनं त्या पट्ट्याला आतून एक खिसा शिवला आणि बिल्ला त्यात टाकून वर बटण लावलं.

"आता अंघोळ सोडून काढायचा नाही. झोपेतसुद्धा नाही. कळलं?"

"कळलं. बैलाच्या गळ्यात घंटा, माझ्या पोटात बिल्ला."

तोकुजी गावात न्हावी होता. दुकान गावातच राहिलं. कात्री, वस्तरा आणि एक पांढरी चादर एवढं घेऊन तो निघाला होता, आणि आता मैदानावरच्या सगळ्या पुरुषांची डोकी तो घरासमोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून करी. पैसे घेत नसे. त्यामुळे लोक बटाटे, मुळे, मुळ्याचं लोणचं असं काहीबाही आणून ठेवत आणि ते त्यांना पैशांपेक्षा महाग पडे.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या घरांच्या भिंती फार पातळ होत्या. सादाएनं सकाळी टीव्ही लावला की तीन घरं कार्यक्रम ऐकत. त्यामुळे आजारही एकट्यादुकट्याला होत नसत. सोमवारी टीव्हीवरच्या डॉक्टरांनी थकवा हे थायरॉइडचं लक्षण असल्याचं सांगितलं की मंगळवारी घरांची अख्खी रांग थकलेली असे. मग त्यांनी समुद्रातलं केल्प नावाचं शेवाळ खायला सांगितलं, सगळ्यांनी खाल्लं. आठवड्यानं त्यांनीच केल्प फार खाऊ नका म्हणून सांगितलं. तोवर सगळ्यांनी फारच खाल्लेलं होतं.

उजवीकडच्या घरात हांगाई गुरुजी राहत. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा टीव्हीवर विश्वास नव्हता. "हवेतून येतं आणि हवेत जातं," असं ते म्हणत. त्यांचा भरवसा वर्तमानपत्रावर. भिंतीतून टीव्ही ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी छापून आलं तरच घाबरायचं, असा त्यांचा नियम होता. त्यामुळे त्यांचे आजार इतरांपेक्षा एक दिवस उशिरानं, पण पक्के होत.

तोकुजीकडं एक रेडिओ होता. त्यावर तो फक्त शाळकरी मुलांचे बेसबॉलचे सामने ऐके. बहुधा म्हणूनच त्याला पोट सोडून काही होत नसे.

चेरीची फुलं गळून गेल्यावर ओकायामाहून पार्सल आलं. आत पांढऱ्या कागदात गुंडाळलेला एक काळपट चपटा दगड. सोबत कानाएचा फोन.

"बाबा, ते गरम पाण्याच्या झऱ्याच्या खोऱ्यातले दगड आहेत. नेटवर सगळे सांगतायत, शरीरातलं सगळं विष ओढून घेतात. ते पोटाशी ठेवायचे. अगदी कातडीला लागून. तुमच्या पोटासाठी मुद्दाम मागवलाय. घालताय ना? फोटो पाठवा हं."

आता सुनेनं दिलेली वस्तू. ती कपाटात ठेवली तर कानाए रागावली नसती. ती फक्त म्हणाली असती, "काही हरकत नाही, बाबा." आणि हे वाक्य जपानात ज्यानं ऐकलंय, त्याला माहीत आहे की त्यानंतर माणसं चार-चार वर्षं येत नाहीत.

सादाएनं पोटपट्ट्याचा खिसा उघडला. जागा होती. बिल्ल्याशेजारी दगड अगदी बेतून केल्यासारखा बसला. फोटो काढला. तोकुजी त्यात पट्टा वर करून, ओळखपत्राच्या फोटोला बसतात तसा गंभीर चेहरा करून उभा होता.

"कसं वाटतंय?" सादाएनं विचारलं.

तोकुजीनं विचार केला. "जड," तो म्हणाला. मग सुनेची आठवण होऊन पुढं म्हणाला, "पण ऊबदार जड."

पंधरा दिवसांनी त्याला खरोखरच पोट बरं वाटू लागलं. सादाए भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात सुनेचं कौतुक करू लागली.

जुलैत पालिकेनं बिल्ले नेले, नवे दिले. आणि एका दुपारी आरोग्य खात्याचे निइत्सुमा साहेब स्वतः दारात आले. पन्नाशीकडं झुकलेला, सभ्य, कायम घाम पुसणारा माणूस. तो वाकला. साधं काम असलं तर तो मान वाकवी, गंभीर असलं तर कंबर. आज त्याचं डोकं जवळजवळ चपलांना लागलं.

सादाए म्हणाली, "बोला."

"काकू, तुमचा आकडा उत्तम आहे. अगदी ओकायामासारखा."

"आणि यांचा?"

निइत्सुमांनी घाम पुसला. "काकांचा... जरा निराळा आहे."

"जरा म्हणजे?"

"तुमच्या कितीतरी पट. अजून घाबरण्याइतका नाही. पण एकाच घरात, एकाच भाताच्या कुकरमधलं खाणाऱ्या माणसांत एवढा फरक... काका, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही कुठं जाता?"

"मी? न्हाणीत जातो."

"तसं नाही. कुंपणापलीकडं. बंद भागात. आपलं जुनं दुकान बघायला वगैरे."

तोकुजीनं नकारार्थी मान हलवली. पण सादाएनं ती मान फार बारकाईनं पाहिली. निइत्सुमा पाठ फिरवतात न फिरवतात तोच तिनं तोंड उघडलं.

"खरं सांगा. दुकानात जाता ना?"

"अगं, कसा जाईन? दर वळणावर पोलीस उभे आहेत."

"त्यातल्या निम्म्यांचे केस तुम्ही कापलेत! सोडत असतील." तिनं त्याच्या चपलांकडं पाहिलं. "त्या खुर्चीवर जाऊन बसत असाल. चाळीस वर्षांची खुर्ची ती. मला न्यायचं तरी होतं."

"गेलोच नाही तर नेणार कसा?"

"आणि आता कोनोमी? काय सांगू कानाएला?"

उजव्या भिंतीतून गुरुजींचा आवाज आला, "तोकुजी, रानातलं मशरूम खाल्लं असशील. पेपरात आलंय."

"नाही हो गुरुजी."

"मग दुसरं काहीतरी आजच्या पेपरात येईल."

त्या दिवसापासून तोकुजीवर पहारा बसला. फिरायला एकटं जायचं नाही. कोणी दिलेले मुळे खायचे नाहीत. सादाएनं त्याच्या चपला रात्री स्वतःच्या गादीखाली ठेवायला सुरुवात केली. टीव्हीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं की अंगातलं सगळं घामावाटे निघतं, म्हणून तिनं पोटपट्ट्यावर दुसरा पोटपट्टा चढवला. आणि सुनेला फोन करून, आकड्याचा मुद्दा शिताफीनं टाळून, ती म्हणाली, "अगं, तुझ्या त्या दगडानं इतका गुण आला यांना! असा अजून एखादा मिळेल का? जरा मोठा?"

कानाएला भरून आलं. सासूनं आजवर तिच्या कुठल्याच गोष्टीचं कौतुक केलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दगड आला. तो आधीच्या दुप्पट होता. सादाएनं खिसा मोठा केला.

ओबोन तोंडावर आला. कानाएचा फोन आला की सादाए "हो, हो, माप यायचंय अजून, पालिका म्हणजे तुला माहीतच आहे" असं म्हणून पालिकेवर ढकलत होती. तोकुजीनं कोनोमीसाठी आणलेला आकाशकंदिलाचा कागद कोपऱ्यात तसाच पडून होता. तो कापायला घ्यावा की नको हे त्याचं ठरत नव्हतं.

मग निइत्सुमा साहेब यंत्र घेऊन आले.

तो केस कापायचा दिवस होता. स्टुलावर हांगाई गुरुजी पांढरी चादर पांघरून, मांडीवर वर्तमानपत्र उघडून बसले होते आणि डोक्याची डावी बाजू झाली होती. आणखी चारपाच जण रांगेत बसलेले.

"चालू द्या तुमचं," निइत्सुमा म्हणाले. "मी नुसतं घर मोजतो. कुठून येतंय ते कळायला हवं."

यंत्र हातात मावेल एवढं होतं. किरणं असली की टिकटिक करी, जास्त असली की टिकटिक घाईची होई. निइत्सुमांनी भिंती मोजल्या. टिक. बऱ्याच वेळानं टिक. गादी, कुकर, चहाचा डबा, लोणच्याचं पिंप, पितरांच्या देव्हाऱ्यातला भात, सगळीकडं यंत्र पेंगत होतं. त्यांनी तोकुजीच्या चपला उलट्या करून मोजल्या. चपला निर्दोष निघाल्या. सादाएनं नवऱ्याकडं पाहिलं. जरा ओशाळून पाहिलं, पण पाहिलं.

निइत्सुमा बाहेर आले आणि गुरुजींच्या मागं उभे राहिले. तेवढ्यात तोकुजी कात्री घेऊन उजव्या बाजूला वाकला.

टिकटिकटिकटिकटिक.

रांगेतले सगळे उठून उभे राहिले.

"गुरुजी," निइत्सुमा हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही जरा..."

"मी?" गुरुजींनी वर्तमानपत्र छातीशी धरलं. "माझा आकडा पालिकेत बघा! पेपर असेल. शाईत काहीतरी असेल."

पेपर मोजला. पेपरात काही नव्हतं.

"थांबा, मी वस्तरा आणतो," तोकुजी म्हणाला आणि आत गेला. यंत्र गप्प झालं. तो वस्तरा घेऊन बाहेर आला, यंत्र पुन्हा बडबडू लागलं. कंगवा विसरला म्हणून तो पुन्हा आत गेला, यंत्र पुन्हा गप्प. तो आला. टिकटिकटिक.

आता सगळ्यांना कळलं होतं. पण ज्यानं दोन वर्षं आपलं डोकं फुकट केलं, त्याच्या तोंडावर असलं कोण बोलणार? एकजण म्हणाला, "आज हवा छान आहे." दुसरा म्हणाला, "हो, जरा मागं सरकलं तर आणखीच छान लागेल." सगळे मागं सरकले. गुरुजींनी चादर काढून नीट घडी केली आणि तिच्यावर हात ठेवून म्हणाले, "तोकुजी, उजवी बाजू पुढच्या वेळी केली तरी चालेल. घाई नाही."

"अहो, अर्ध्या डोक्यानं कुठं जाणार?"

"मी कुठं जातो तरी?"

बातमी रांगेत पसरायला टीव्ही लागला नाही. दहा मिनिटांत तोकुजीकडून केस कापून घेतलेले मैदानावरचे सगळे पुरुष निइत्सुमांपुढं डोकी खाली घालून उभे होते. "साहेब, माझं बघा." "माझं आज सकाळीच कापलंय, आधी माझं." "माझी दाढीसुद्धा केलीय त्यानं!" ज्याला केसच नव्हते असा एक म्हाताराही उभा राहिला. म्हणे, पूर्वी होते. निइत्सुमा एकेक डोकं मोजत होते आणि एकेक डोकं निर्दोष सुटत होतं.

घराच्या उंबऱ्यावर तोकुजी एकटा बसला होता. सादाए त्याच्या शेजारी येऊन बसली. अगदी चिकटून. "बसा तुम्ही," ती म्हणाली. "मला टीव्हीवाल्यांनी काही सांगितलं तरी मी इथंच बसणार आहे."

"कोनोमी येणार नाही गं आता."

"नाही येणार," सादाए म्हणाली. यंत्र लांबून टिकटिकत होतं.

शेवटी निइत्सुमा आले. खोकले. "काका, एक विनंती होती. कपडे."

"कपड्यांचं काय?"

"एकेक करून मोजावे म्हणतो."

तोकुजी आत पडद्यामागं गेला. पडद्यावरून आधी सदरा आला. निर्दोष. मग बनियन, मग पायमोजे. निर्दोष, आणि पायमोज्यांच्या बाबतीत हे सगळ्यांना विशेष वाटलं. मग वरचा पोटपट्टा. निर्दोष.

"संपलं," पडद्यामागून आवाज आला.

"आतला पट्टा?"

"तो नाही काढणार. पोट बिघडतं."

"अहो, काढा!" सादाए ओरडली.

आतला पट्टा पडद्यावरून आला, धप्पकन जमिनीवर पडला आणि यंत्रानं जो आकांत मांडला तो पलीकडच्या रांगेतही ऐकू गेला. बटण तुटलं. बिल्ला बाहेर पडला. त्याच्यामागून एक दगड. त्याच्यामागून दुसरा, मोठा.

निइत्सुमांनी यंत्र बिल्ल्यावर धरलं, दगडावर धरलं, मग बंदच केलं. आपल्या मराठीत काखेत कळसा आणि गावाला वळसा असं म्हणतात. तोकुजीचा कळसा काखेच्या वीतभर खाली होता, एवढाच फरक.

"असले दगड विकायला असतात," निइत्सुमा म्हणाले. "त्यांतच मुळात थोडी किरणं असतात. तेच औषध म्हणून सांगतात. काका, तुम्हाला यानं काही झालेलं नाही, पण बिल्ला रात्रंदिवस याच्याच मांडीला मांडी लावून बसला होता. त्यानं दगड मोजला." त्यांनी घाम पुसला. "कुठून घेतले हे?"

सादाए आपल्या हातांकडं पाहत होती.

"आमच्या सूनबाईंनी पाठवलेत," ती म्हणाली. "काळजीनं."

कोणी हसलं नाही. हांगाई गुरुजींनी स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि चादर पांघरली. "तोकुजी, कपडे घाल आणि ये. उजवी बाजू."

आता कानाएला सांगायचं कसं? खरं सांगावं तर तिची मान खाली जाणार, आणि मान खाली गेलेली सून ओबोनला येत नाही. न सांगावं तर आकडा तसाच राहतो, आणि त्या आकड्यावर नात येत नाही. सादाए म्हणाली, "यंत्र बिघडलं होतं म्हणा." गुरुजी म्हणाले, "मला मशरूमचंच पटत होतं." तोकुजीनं फोन उचलला तेव्हा काय बोलायचं हे त्याला अजिबात माहीत नव्हतं. शेजारी निइत्सुमा यंत्र घेऊन बसले होते, कारण सादाएनं त्यांना चहा घेतल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"बाबा! माप आलं?" कानाएनं विचारलं.

"आलं. कानाए, त्याचं असं आहे—"

"वाईट आहे का? खरं सांगा. मला वाटलंच होतं. मी कोनोमीला नाही आणू शकत, बाबा, मला माफ करा. इथं मी तिला किती जपते! तुम्हाला पाठवला ना, तसाच दगड तिच्या उशीखाली ठेवते रोज. अंघोळीच्या टबात दोन आहेत. तांदळाच्या डब्यात एक. यांच्या गाडीत एक. पाणीसुद्धा त्याच्यावरूनच गाळून—"

तोकुजीनं निइत्सुमांच्या हातातून यंत्र घेतलं, चालू केलं आणि फोनपाशी धरून खोलीभर फिरू लागला.

"कानाए, ऐक. ही आमची भिंत." टिक... टिक. "हा भात." टिक. "ही तुझी सासू." टिक. "हे गुरुजींचं डोकं, दोन्ही बाजू." टिक.

"बाबा, काय करताय?"

"आणि आता हे ऐक." त्यानं यंत्र दगडांवर धरलं.

फोनमधून किंकाळी आली. "बाबा! कुठं आहात तुम्ही? बाहेर पडा तिथून! आईंना घेऊन आत्ताच्या आत्ता बाहेर पडा!"

"अगं, हा तुझा दगड."

फोनमधून, लांबून कोनोमीचा आवाज आला. "आई, आजोबा टिकटिक का करतायत?"

"कानाए," तोकुजी अतिशय हळू म्हणाला. गिऱ्हाईकाच्या गळ्यावर वस्तरा असताना तो याच आवाजात बोले. "घाबरू नकोस. विशेष काही होत नाही, इथले साहेब सांगतायत. पण लहान मूल आहे घरात. कशाला उगीच? मला वाटतं, तुम्ही काही दिवस इकडं आमच्याकडं राहायला या. इथं सुरक्षित आहे."

ते ओबोनच्या चार दिवस आधीच आले. किरणांच्या भीतीनं घर सोडून फुकुशिमाकडं निघालेलं ते बहुधा एकमेव कुटुंब असावं. मैदानावर नव्यानं येणाऱ्याचं करतात तसं सगळं त्यांचं झालं. शेजाऱ्यांनी चादरी दिल्या, कोणी मुळे आणून ठेवले, निइत्सुमा साहेबांनी वाकून कोनोमीच्या गळ्यात छोटा बिल्ला घातला. तोकुजी आकाशकंदिलाचा कागद कापत बसला आणि कोनोमी त्याला कुठं कापायचं ते सांगत होती.

हांगाई गुरुजी, दोन्ही बाजूंनी व्यवस्थित कापलेल्या डोक्यानं, कानाएसमोर येऊन बसले.

"पहिले काही दिवस झोप लागत नाही," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "आम्हीही असेच आलो होतो. होईल सवय. मागं फार काही राहिलं का, पोरी?"

कानाएनं मान खाली घातली.

"अकरा दगड," ती म्हणाली.